फिरत्या घरातील थकलेल्या बॅटऱ्या: उपचारांचे प्रयोग आणि नवी जोडी

फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले आमचे मोटरहोम आम्ही जुने विकत घेतले, तेव्हा पलंगाखालच्या कप्प्यात १५० अँपिअर-तासांच्या दोन उंच ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशा शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या होत्या. दिवे, फ्रीज, छतावरील पंखा, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर हे सारे त्यांच्यावरच चालत असे. इंजिन सुरू करण्याची बॅटरी अर्थातच वेगळी. पहिली दोन वर्षे तक्रारीला जागा नव्हती. मग गुहागरच्या एका मुक्कामात पहाटे तीनच्या सुमारास फ्रीज बंद पडला, आदल्या संध्याकाळी बंदरावर घेतलेली सुरमई टाकून द्यावी लागली, आणि तेव्हापासून चार महिने या बॅटऱ्या वाचवता येतील का, हा एकच प्रश्न आमच्या घरात चर्चेला होता. त्या काळात केलेले उपाय, गाठलेली दुकाने आणि शेवटी बसवलेली नवी जोडी यांचे हे परीक्षण आहे.

बॅटऱ्या कशाने थकल्या, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्याचे उत्तर न शोधता नवी जोडी बसवली असती तर तीही त्याच वाटेने गेली असती. पावसाळ्याचे चार महिने आमची गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असते. त्यामुळे छतावरील सोलर पॅनेल आंधळे होते, आणि इन्व्हर्टरचा स्टँडबाय, जीपीएस ट्रॅकर, फ्रीजचा कंट्रोलर असे बारीकसारीक भार मात्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत राहतात. शिसे-आम्लाची बॅटरी डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ती लगेच चार्ज केली तर ते सल्फेट पुन्हा विरघळते, पण अर्धवट रिकाम्या अवस्थेत काही आठवडे पडून राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात व प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. त्यातच प्रवासात अल्टरनेटरकडून (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मात्याकडून) साध्या रिलेमार्फत, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या स्विचमार्फत, मिळणारा दाब १३.८ व्होल्टच्या पुढे जात नव्हता. पूर्ण चार्जसाठी या बॅटऱ्यांना १४.४ व्होल्टच्या आसपासचा दाब काही तास मिळावा लागतो, तो आमच्या गाडीत त्यांना क्वचितच मिळाला असेल.

आणखी एक दोष बांधणीतलाच होता. गाडी बांधणाऱ्या कार्यशाळेने धन आणि ऋण या दोन्ही मुख्य केबल एकाच बॅटरीवरून घेतल्या होत्या. समांतर जोडीत एक केबल पहिल्या बॅटरीवरून आणि दुसरी केबल दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी लागते, नाही तर केबलच्या जवळची बॅटरी जास्त राबते आणि लांबची आरामात राहते. आमच्याकडे नेमके तसेच झाले होते, याचा पुरावा पुढे हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, दिला.

पहिले दुकान महामार्गालगतचे होते. तिथल्या मालकांनी व्होल्टमीटर लावला, मान हलवली आणि जुने ॲसिड काढून नवे भरून देतो, बॅटरी पुन्हा नव्यासारखी होईल, असे अडीच हजार रुपयांत सांगितले. हा उपाय आपल्याकडे सर्रास विकला जातो, म्हणून त्यातली मेख स्पष्ट करतो. थकलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याची घनता १००० धरून मोजलेली आम्लाची घनता, कमी दिसते, कारण आम्लातील सल्फेट प्लेटांवर अडकून बसलेले असते. वरून ताजे ॲसिड ओतले की हायड्रोमीटरचा आकडा तेवढ्यापुरता वर चढतो, पण अडकलेले सल्फेट जिथल्या तिथेच राहते, क्षमता तसूभरही वाढत नाही आणि जास्त तीव्र आम्लामुळे प्लेटा अधिकच झिजतात. ॲसिड सांडून गेले असेल तरच ॲसिड भरायचे. एरवी बॅटरीत पडायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आम्ही आभार मानून निघालो.

दुसरे दुकान पुण्याच्या नाना पेठेतले, जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे. तिथल्या काकांनी बॅटरीला हात लावण्याआधी दोन प्रश्न विचारले: शेवटचे पाणी कधी घातले, आणि गाडी पावसाळ्यात कुठे असते. नंतर दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवून रात्रभर चार्ज केल्या, दुसऱ्या दिवशी दोन्हींच्या मिळून बारा सेलांची ग्रॅव्हिटी घेतली आणि आकडे खडूने बॅटऱ्यांच्या झाकणांवर लिहून ठेवले. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२४० च्या आसपास दाखवते. परदेशी तक्त्यांतला १२६५ चा आकडा प्रमाण धरून आम्ही उगाच घाबरलो होतो, हे तेव्हा कळले. त्याच हिशेबाने, विसावलेल्या ट्युब्युलर बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्ट असला तरी ती भरलेली असू शकते. आमच्या लांबच्या बॅटरीचे सहाही सेल ११९० ते १२०५ या पट्ट्यात होते. जवळच्या बॅटरीचे पाच सेल त्याहून थोडे खाली होते आणि तिसरा सेल ११२० वर अडकलेला, वर त्यातले पाणी तपकिरी. तपकिरी पाणी म्हणजे धन प्लेटेचा माल गळून तळाशी साचला आहे. एक दिवस विसावल्यावर त्या बॅटरीचा दाब १०.६ व्होल्टवर आला, म्हणजे एक सेल आतून शॉर्ट झाला होता, हेही सिद्ध झाले. “हिच्यावर पैसे घालू नका, दुसरीला अजून बघता येईल,” एवढेच काका म्हणाले. तपासणीचे त्यांनी तीनशे रुपये घेतले. नवी बॅटरी विकण्याची आयती संधी समोर असताना हे सांगणारा दुकानदार भेटणे ही माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

दुकानाबद्दल तक्रारीही आहेत. दोन दिवसांचे काम चार दिवसांवर गेले, खर्चाचा अंदाज लेखी मिळाला नाही, आणि मोटरहोम दारात नेणे अशक्य असल्यामुळे प्रत्येकी पंचावन्न किलोच्या आसपास वजनाच्या दोन बॅटऱ्या रिक्षाने न्याव्या लागल्या. माझी कंबर ते अजून विसरलेली नाही.

आता उपचारांकडे येतो. सल्फेट फोडण्याचा दावा करणारे, बॅटरीच्या टोकांना कायमचे लावून ठेवायचे एक पल्स यंत्र आम्ही ऑनलाइन मागवले होते. त्याची परीक्षा आम्ही अंदाजाने न घेता मोजून घेतली. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, तिच्यावर जुन्या हेडलाइटच्या बल्बचा सुमारे साडेसात अँपिअरचा भार लावायचा आणि दाब १०.५ व्होल्टवर येईपर्यंतचा वेळ मोजायचा. १५० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी हा भार वीस तास ओढते. आमची लांबची बॅटरी आठ तासांत संपली, म्हणजे तिची क्षमता साठ अँपिअर-तास, चाळीस टक्के उरली होती. यंत्र सहा आठवडे लावून ठेवल्यावर हीच वेळ सव्वाआठ तास झाली. पंधरा मिनिटांचा हा फरक त्या दिवशीच्या तापमानानेही पडू शकतो, त्यामुळे यंत्राला मी नापास करतो. त्यावरचा हिरवा दिवा मात्र फार सुंदर चमकतो.

खरा फरक पडला तो इक्वलायझेशनने, म्हणजे जाणूनबुजून पण मर्यादित ठेवलेल्या जादा चार्जिंगने. काकांनी आपल्या चार्जरवर दाब १५.५ व्होल्टपर्यंत चढू दिला आणि प्रवाह तीन अँपिअरच्या आसपास धरून ठेवला. दर तासाला ग्रॅव्हिटी घेतली जात होती. ती वाढायची थांबली आणि सलग तीन वाचने सारखी आली, तेव्हा चार्जर बंद केला. याला एकूण नऊ तास लागले. हे घरी करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. बॅटरी गाडीपासून पूर्ण सोडवून उघड्यावर ठेवावी, कारण या वेळी सुटणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, आणि हा दाब गाडीतील उपकरणांनाही सोसणारा नसतो. बॅटरीचे अंग हाताला फार गरम लागू लागले तर थांबावे. प्लेटा आधी पाण्याखाली असाव्यात, पण वरच्या खुणेपर्यंत पाणी चार्जिंग संपल्यावरच भरावे, नाही तर ॲसिड उतू जाते. जेल, एजीएम किंवा कोणत्याही बंद बॅटरीवर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण त्यातून गेलेले पाणी पुन्हा भरता येत नाही.

या उपचारानंतर सेल १२२० ते १२३० वर आले आणि तोच भार बॅटरीने अकरा तास ओढला, म्हणजे क्षमता पंचावन्न टक्क्यांवर गेली. चारशे रुपयांत चाळीसचे पंचावन्न झाले, हे कमी नाही. पण ट्युब्युलर बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरली की तिचे आयुष्य संपले असे मानण्याची रीत आहे, आणि आमच्या फ्रीजला एकट्यालाच दिवसाला पस्तीस ते चाळीस अँपिअर-तास लागतात. पंखा, दिवे आणि फोन धरले तर एका रात्रीत गाडी पुन्हा गुहागरच्या पहाटेला पोहोचणार हे उघड होते. जुन्या बॅटरीच्या जोडीला एक नवी बसवण्याचा विचारही आम्ही केला आणि लगेच सोडला, कारण थकलेली बॅटरी नव्या जोडीदाराला आपल्या पातळीवर ओढून आणते.

बदलायचेच ठरल्यावर दोन पर्याय होते. उंच ट्युब्युलरची नवी जोडी आम्हाला सुमारे बत्तीस हजारांत मिळत होती. ती घरच्या इन्व्हर्टरसाठी उत्तम असते, पण ती कोपऱ्यात स्थिर उभी राहण्यासाठी घडवलेली आहे. ताम्हिणी घाटातल्या वळणांवर तिच्यातून उडालेल्या ॲसिडच्या थेंबांनी आमच्या कप्प्याचा पत्रा खाल्ला होता, आणि जुन्या वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत वाहनातील वापर वगळल्याचे छापलेले होते. दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेटचा. देशी बनावटीच्या १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांना आम्ही सुमारे सत्तर हजार मोजले. काकांनी लिथियममधले आपल्याला कळत नाही असे सरळ सांगितल्यामुळे त्या दुसरीकडून घेतल्या.

सहा महिन्यांच्या वापरानंतर लिथियमबद्दलचे माझे मत असे, की मोटरहोमसाठी हा खर्च योग्य आहे, पण बॅटरी एकटी विकत घेणाऱ्याची फसगत ठरलेली आहे. चांगली बाजू आधी सांगतो. एकशे दहा किलोंच्या जागी पंचवीस किलो झाले. दोनशेपैकी एकशे साठ ते एकशे ऐंशी अँपिअर-तास निर्धास्त वापरता येतात, आणि इंडक्शनवर चहा टाकला तरी दाब कोसळत नाही. अर्धवट चार्जवर ठेवल्याने ती आजारी पडत नाही. उलट पावसाळ्यासाठी पन्नास-साठ टक्क्यांवर आणून मुख्य स्विच बंद करणे हेच तिला मानवते. आमच्या चार महिन्यांच्या विश्रांतीसाठी यापेक्षा सोयीचे काही नव्हते.

आता दुसरी बाजू. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की जुन्या रिलेने तिला थेट अल्टरनेटरशी जोडले तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये व्हिक्ट्रॉनचा ओरायन-टीआर स्मार्ट हा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, ज्यामुळे ओढ मर्यादेत राहते आणि बॅटरीला हवा तो दाबही मिळतो. तिचा दाब बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहत असल्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली हे कळत नाही, म्हणून येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा शंटही घ्यावा लागला. केबल, फ्यूज आणि मजुरी धरून बॅटऱ्यांच्या किमतीच्या जवळपास निम्मा खर्च आणखी झाला. पहिल्याच महिन्यात इंडक्शन आणि पाण्याची किटली एकाच वेळी लावल्यावर आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडला आणि सारी गाडी अंधारात गेली. शिशाची बॅटरी अशा वेळी कुरकुरत मंद होते. लिथियमची मात्र काहीही सूचना न देता संप करते. लडाखकडे जाणाऱ्यांनी बीएमएस शून्य अंशाखाली चार्जिंग रोखतो ना, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे, कारण गोठणाऱ्या थंडीत चार्ज केल्यास लिथियमचे सेल कायमचे बिघडतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात फिरणाऱ्यांना अडचण उलटी. बंद गाडीतल्या उष्णतेने दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांचे आयुष्य घटते, तेव्हा कप्प्याला वायुवीजन ठेवणे आले. नव्या जोडीच्या केबल या वेळी कर्णरेषेत, दोन टोकांच्या दोन बॅटऱ्यांवरून घेतल्या, आणि ते मी स्वतः उभे राहून करून घेतले.

शॉर्ट झालेली बॅटरी काकांनी वजनावर परत घेतली आणि पावतीही दिली. भंगारवाला कदाचित दोनशे रुपये जास्त देता, पण ॲसिड गटारात ओतून रिकामी झालेली बॅटरी उचलणारे भंगारवाले मी पाहिले आहेत, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत मार्गानेच पुनर्वापराला जायला हवी.

पंचावन्न टक्क्यांवर आलेली दुसरी बॅटरी मात्र टाकवली नाही. ती आता सासूबाईंच्या वाईच्या घरी स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत इन्व्हर्टरला जोडलेली आहे, वीज गेली की एक पंखा, दोन दिवे आणि राउटर चालवते, आणि दर दोन महिन्यांनी मी तिथे गेलो की सासूबाई चहाच्या आधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पुढे ठेवतात. मागच्या खेपेला सहाही सेल १२२० च्या वर होते.