कूपन विकले ॲपने, देणे राहिले पार्लरवर

नाशिकमध्ये मी एक लहान ब्युटी पार्लर चालवते. मोबाइलवर रोज नवी सवलत विकणाऱ्या एका ॲपशी मी करार केला आणि त्यातून माझी, तसेच माझ्याकडे कूपन घेऊन आलेल्या कितीतरी बायकांची फसवणूक झाली. ती कशी झाली हे सविस्तर लिहीत आहे, कारण त्या ॲपसाठी काम करणारी काही मंडळी आता दुसऱ्याच नावाचे ॲप घेऊन आमच्या भागातील खाणावळी, केकची दुकाने आणि दातांचे दवाखाने फिरत असल्याचे मला कळले आहे.

माझ्याकडे आलेला विक्री प्रतिनिधी अतिशय नम्र होता आणि त्याचे बोलणे पटण्यासारखे होते. जाहिरातीसाठी आगाऊ एक पैसाही द्यायचा नाही, आठवड्याच्या मधल्या दिवसांत रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या भरतील आणि एकदा आलेले गिऱ्हाईक पुढे पूर्ण दराने येत राहील, असे तो सांगत होता. फेशियल, वॅक्सिंग आणि हेअरकट मिळून माझा दर १,६०० रुपये होता. ॲपवर तेच ५९९ रुपयांना विकायचे ठरले. त्यातून ४० टक्के कमिशन आणि त्या कमिशनवरचा जीएसटी वजा जाता माझ्या हाती ३१६ रुपये येणार होते. फेशियलचे किट, वॅक्स, एकदाच वापरायची चादर असा साधारण १८० रुपयांचा माल आणि काम करणाऱ्या मुलीचे १०० रुपये काढले की ३६ रुपये उरतात, आणि त्यात भाडे व विजेचे बिल धरलेले नाही. म्हणजे कमाई नव्हतीच. दोनशे कूपनांपुरता हा खर्च जाहिरातीचा समजायचा आणि त्यातल्या वीस-पंचवीस बायका टिकल्या तरी तो भरून निघेल, असा हिशेब त्याने माझ्यासमोर कागदावर मांडला होता. दोनशेचा आकडा त्याचा होता, माझा नव्हे.

करारात मात्र तो आकडा कुठेच नव्हता. किती कूपने विकायची याचा अधिकार कंपनीकडे राहील, असे एक वाक्य पाचव्या पानावरील बारीक अक्षरांत होते आणि त्याचा आधार घेऊन कंपनीने सातशेहून अधिक कूपने विकली. त्याहून गंभीर गोष्ट मला एका गिऱ्हाइकाने फोन दाखवल्यावर कळली. ॲपवर माझ्या सेवेचा मूळ दर ३,२०० रुपये छापला होता आणि त्यावर ८१ टक्के सवलत असल्याचे लिहिले होते. हा दर मी कधी लावलेला नाही, कोणाला सांगितलेला नाही आणि तो छापण्यापूर्वी मला विचारलेही गेले नाही. खाली उलटे धावणारे घड्याळ होते आणि ‘फक्त ३ शिल्लक’ ही ओळ विक्री चालू असेपर्यंत जशीच्या तशी राहिली. ज्या बायकांनी घाईने पैसे भरले त्यांना खोट्या किमतीवरची खोटी सवलत माझ्या पार्लरच्या नावाने विकली गेली, याचा राग मला पैसे बुडाल्यापेक्षा अधिक आहे.

गर्दी लग्नसराईत आली. कूपनांची मुदत कंपनीने अशी ठेवली होती, की ज्या दिवसांत पूर्ण दराचे काम असते त्याच दिवसांत सगळ्या जणी येणार. वर्षानुवर्षे येणाऱ्या बायकांना वेळ देता येईना आणि त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. सिन्नरहून एसटीने आलेल्या एका ताईंना मी दुसऱ्या दिवसाची वेळ देऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, पैसे तर आधीच भरलेत ना.” त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांनी पैसे भरले होते, फक्त ते माझ्याकडे पोहोचले नव्हते.

या धंद्यात पैसा मधल्याच्या हातात राहतो, हे दुकानदारांनी नीट समजून घ्यावे. गिऱ्हाईक पैसे आधी देते, सेवा नंतर घेते, आणि मधल्या काळात सगळी रक्कम ॲपकडे असते. मला ती तीन हप्त्यांत मिळणार होती, तीही केवळ वापरलेल्या कूपनांची. मुदत संपेपर्यंत जी वापरली गेली नाहीत, त्यांचे पैसे करारानुसार कंपनीचेच. पहिला हप्ता वेळेवर आला, दुसरा अर्धवट आला आणि तिसरा आलाच नाही. प्रतिनिधीचा फोन बंद झाला, कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली, आणि शेवटी ॲप उघडेनासे झाले. वाद झाल्यास लवाद दुसऱ्या राज्यातील शहरात होईल, असे करारात असल्याने तिकडे जाण्याचा खर्चच थकबाकीच्या जवळपास जाईल, असे वकिलांनी सांगितले.

माझ्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या मोठ्या कंपन्यांचा इतिहास मी नंतर वाचला. रोजच्या सवलतीचा हा प्रकार जगभर नेणारी ग्रुपॉन कंपनी २००८ मध्ये शिकागोत सुरू झाली. तिच्या पद्धतीत दुकानदाराने निम्म्या किमतीत माल द्यायचा आणि त्यातलाही जवळपास निम्मा वाटा कंपनीने घ्यायचा, असा व्यवहार सर्रास होता. म्हणजे शंभराच्या वस्तूचे दुकानदाराला पंचवीस. २०११ मध्ये इंग्लंडमधील एका लहान बेकरीने ७५ टक्के सवलतीवर डझनभर कपकेक देऊ केले, तर ८,५०० जणांनी मागणी नोंदवली आणि एक लाखाहून अधिक केक तोट्यात भाजावे लागले. अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे प्राध्यापक उत्पल ढोलकिया यांनी २०१० मध्ये दीडशे व्यवसायांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश व्यवसायांना अशी योजना तोट्यात गेली होती. उरलेल्या बहुतेकांना ती फायद्याची ठरली, हेही सांगितले पाहिजे. ज्याची खुर्ची किंवा खोली खरोखर रिकामी असते आणि जास्तीच्या गिऱ्हाइकामागे फारसा खर्च नसतो, त्याला ती परवडते. आमच्यासारख्यांच्या कामात प्रत्येक गिऱ्हाइकामागे माल आणि हाताची मेहनत लागते.

आपल्याकडे स्नॅपडीलनेही २०१० मध्ये सवलतीची कूपने विकूनच सुरुवात केली होती, पण लवकरच ती वस्तूंच्या विक्रीकडे वळली. २०१३ मध्ये कांदा महाग झाला असताना ग्रुपॉनने भारतात तो ९ रुपये किलोने विकला, त्याची बरीच चर्चा झाली होती. तो कंपनीने स्वतःच्या जाहिरातीसाठी केलेला उपक्रम होता. दुकानदाराच्या सेवेवरील सवलत मात्र दुकानदाराच्याच खिशातून जाते आणि जाहिरात दोघांचीही होते, हा फरक कोणताही प्रतिनिधी सांगत नाही.

तरीही कोणाला असा करार करायचाच असेल, तर कूपनांची कमाल संख्या, दिवसाला किती जणींना सेवा देता येईल ती मर्यादा, सणासुदीचे आणि लग्नसराईचे वगळलेले दिवस आणि मूळ दर या बाबी सहीपूर्वी करारात लिहून घ्याव्यात. ॲपवर जाहिरात दिसण्याआधी तिचा मसुदा लेखी मान्य करण्याचा हक्क आपल्याकडे ठेवावा. पैसे आठवड्याच्या आठवड्याला जमा होणार नसतील, आणि एक आठवडा चुकताच कूपन नाकारण्याची मुभा नसेल, तर सही करू नये.

कूपन घेतलेल्यांनी दुकानात भांडण्यात वेळ घालवू नये. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. ‘फक्त ३ शिल्लक’सारखी खोटी घाई २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. ॲपच गायब झाले असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे आणि कार्डाने पैसे दिले असल्यास बँकेकडे ते परत मागावेत.

ॲप चालू होते तोवर आलेल्या प्रत्येक कूपनावर मी पूर्ण सेवा दिली. ते बंद पडल्यावर कूपनाचा क्रमांक खरा की खोटा हे तपासण्याचा मार्गच उरला नाही, म्हणून आता मी पार्लरच्या लेटरहेडवर एक पत्र देते: सदर कूपनाची रक्कम या पार्लरला मिळालेली नाही आणि मूळ दर ३,२०० रुपये नव्हता. ग्राहक आयोगाकडील तक्रारीला ते जोडता येते. ज्यांच्याकडे माझ्या पार्लरचे न वापरलेले कूपन अजून आहे, त्यांनी पैसे भरल्याची नोंद सोबत घेऊन यावे. पत्र त्याच दिवशी मिळेल.