तोंडाळांची जंत्री: ‘हिस्टॉरिकल थिसॉरस’ हाती घेण्याआधी

शब्दकोशाची परीक्षा घ्यायची तर त्याला ‘टेबल’ किंवा ‘पाऊस’ विचारण्यात अर्थ नाही. त्यांची उत्तरं सगळेच कोश नीट देतात. बडबड्यांना आणि चहाडखोरांना लोकांनी काय काय म्हटलं, ते विचारावं. या मंडळींसाठी कुठल्याच भाषेत शब्द कमी पडलेले नाहीत. मराठीतच वाचाळ, बोलघेवडा, तोंडाळ, चोंबडा, भोचक, कळलाव्या अशी रांग लागते, आणि यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. कोशाचा कस लागतो तो इथे. ‘हिस्टॉरिकल थिसॉरस ऑफ द ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या परीक्षेत पास होतो. मात्र तो एकट्याने वापरला तर हमखास तोंडघशी पाडतो.

कामाचा आवाका थक्क करणारा आहे. ग्लासगो विद्यापीठात मायकल सॅम्युअल्स यांनी १९६५ मध्ये हे काम सुरू केलं आणि छापील दोन खंड आले ते २००९ मध्ये. मधल्या काळात, १९७८ मध्ये, इमारतीला आग लागली; शब्दांच्या चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत होत्या म्हणून वाचल्या. सुमारे ८ लाख अर्थ आणि २ लाख ३६ हजार गट-उपगट अशी ही मांडणी. नेहमीचा कोश शब्दावरून अर्थाकडे नेतो, हा अर्थावरून शब्दांकडे नेतो. बाह्य जग, मन आणि समाज असे तीन मोठे विभाग. त्यांत खाली खाली उतरत गेलं की एका बारीक अर्थाचे सगळे शब्द मिळतात, सर्वांत जुना आधी, सर्वांत नवा शेवटी.

छापील संचात शोधायची रीत अशी. आधी दुसरा खंड उघडायचा, कारण ती नुसती सूची आहे. तिथे शब्दासमोर आकड्यांचे संकेत असतात. ते टिपून पहिल्या खंडात जायचं. एका शब्दासमोर चार संकेत असतील तर चारही पाहायचे, पहिल्यावर थांबायचं नाही. नाम, विशेषण, क्रियापद यांचे गट वेगळे आहेत, त्यामुळे ‘बडबड’, ‘बडबड्या माणूस’, ‘बडबडा’ आणि ‘बडबडणे’ यांसाठी चार ठिकाणी जावं लागतं. वाक्प्रचार नामांत शोधू नयेत. गाढवाचा मागचा पाय गळून पडेल इतकं बोलणं, हा इंग्रजीतला लाडका वाक्प्रचार क्रियापदांच्या अंगाने शोधला तरच हाती लागतो. वर्षाआधी ‘ए’ अक्षर असेल तर ‘त्या वर्षापूर्वी’, ‘सी’ असेल तर ‘त्या सुमारास’. ‘ओई’ म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण ११५० पूर्वीची. वर्षापुढे आडवी रेघ असून पुढे काहीच नसेल तर शब्द अजून चालू आहे.

आता एकच शब्द जवळून पाहू: गॉसिप. मूळ ‘गॉडसिब’. ‘सिब’ म्हणजे नातलग, म्हणून देवाच्या साक्षीने जडलेलं नातं: बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची हमी घेणारा माणूस. १०१४ च्या सुमारास आर्चबिशप वुल्फस्टनने दिलेल्या प्रवचनात तो याच अर्थाने येतो. तिथून अर्थ सरकत गेला: जवळचा मित्र किंवा मैत्रीण, मग बाळंतिणीजवळ जमणाऱ्या बायका, आणि सोळाव्या शतकात कुचाळक्या करणारी व्यक्ती. ‘गॉसिप’ म्हणजे त्या कुचाळक्याच, हा आज सगळ्यांना ठाऊक असलेला अर्थ नामाला चिकटला थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तीन अर्थ ओळीने दिले आहेत: बाप्तिस्म्याला उभा राहणारा, पिण्यातला सोबती, आणि बाळंतपणाला जमलेल्या बायकांसारखी चहाड्या करत फिरणारी व्यक्ती. ‘गप्पा’ हा अर्थ त्यात नाहीच.

थिसॉरसमध्ये हे सगळे अर्थ वेगवेगळ्या गटांत विखुरलेले आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची तारीख आहे. मांडणी अगदी बरोबर. चूक करतो तो वाचणारा. घाईत सर्वांत जुनी तारीख उचलतो आणि ‘इंग्रज हजार वर्षांपासून चुगलखोरांना गॉसिप म्हणत आले’ असं ठोकून देतो. त्याहून वाईट म्हणजे जालावर फिरणारी ती कथा: पुढारी आपल्या माणसांना दारूच्या गुत्त्यात पाठवताना ‘गो, सिप’ म्हणत, त्यावरून ‘गॉसिप’. निव्वळ थाप. पण ती खोडून काढायला थिसॉरस पुरत नाही, कारण तो व्युत्पत्ती सांगतच नाही. त्यासाठी मूळ ऑक्सफर्ड कोशच उघडावा लागतो.

दुसरी त्रुटी अधिक बोचरी आहे. थिसॉरस शब्द आणि वर्ष देतो, वाक्य देत नाही. त्यामुळे शब्द कोणी कोणाला म्हटला, चिडून की लाडाने, काही कळत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर ‘जँग्लर’, म्हणजे बडबड्या, म्हणतो तो पिठाच्या गिरणीवाल्याला, चांगल्या धिप्पाड पुरुषाला. त्याच गिरणीवाल्याने सांगितलेल्या गोष्टीतला सुतार शपथेवर सांगतो की मी काही ‘लॅब’ नाही, म्हणजे माझ्या तोंडात तीळ भिजतो. दोन्ही ठिकाणी पुरुषच! पुढे हाच दोष हळूहळू बायकांच्या नावावर लिहिला गेला, आणि तो नुसता शब्दांत राहिला नाही. ‘कॉमन स्कोल्ड’, म्हणजे शेजाऱ्यांना ताप देणारी भांडकुदळ बाई, हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. जीभ दाबून धरणारा लोखंडी मुखवटा, ‘ब्रँक्स’, अशा बायकांच्या डोक्यावर चढवत. हा गुन्हा कायद्यातून अधिकृतपणे गेला १९६७ मध्ये. थिसॉरसच्या स्तंभात मात्र जँग्लर, गॉसिप, टॅटलर सगळे एका मापाच्या अक्षरांत, एकाखाली एक.

त्याच १९६७ च्या कायद्याने ‘ईव्ह्जड्रॉपिंग’ हाही गुन्हा काढून टाकला. शब्द फार बोलका आहे: वळचणीखालची, पागोळ्या पडतात ती जागा. तिथे उभं राहून आतलं ऐकायचं आणि बाहेर त्याचं तिखटमीठ लावून कुभांड रचायचं, अशी या माणसाची व्याख्या कायदेपंडित ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये केली. म्हणजे कायद्याच्या लेखी नुसतं ऐकणं पुरेसं नव्हतं, पुढची लावालावी हवी. हा फरक तारखांच्या यादीतून दिसणं शक्यच नाही.

शेजारी छापलेले शब्द समानार्थी समजणं ही नवख्यांची नेहमीची चूक. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये एकाच ओळीत ‘टॅटलर’ आणि ‘बिझीबॉडी’ येतात ते उगाच नाही: पहिला इकडचं तिकडे करणारा, दुसरा नसत्या उठाठेवी करणारा भोचक. ‘क्विडनंक’ आणखी निराळा. लॅटिनमध्ये ‘आता काय?’ असं विचारत हिंडणारा, बातमीसाठी हपापलेला माणूस. तो सांगण्यापेक्षा विचारतो जास्त. ‘चॅटरबॉक्स’ला तर कोणाच्या गुपिताशी घेणंदेणंच नाही. त्याच्या तोंडाचा पट्टा चालू राहिला म्हणजे झालं.

म्हणून सोबतीला फ्रान्सिस ग्रोसचा १७८५ चा बोलीतल्या शब्दांचा कोश ठेवावा. चॅटरबॉक्सची जीभ ‘डझनाला बारा वीसा’ चालते, असं तो सांगतो, म्हणजे बाराच्या जागी २४०. ‘क्लॅक’ म्हणजे जीभ, आणि उपमा पाणचक्कीच्या खडखडाटाची, हे तोच नोंदवतो. चहाला त्या काळी ‘प्रॅटल ब्रॉथ’, बडबडीचा रस्सा, म्हणत. अतिबोलक्या माणसाची जीभ ‘दातांच्या दोन कवळ्यांना पुरेल’, हेही त्याच्याकडेच. एक सावधगिरी: जालावर सहज मिळते ती बहुधा १८११ ची वाढवलेली आवृत्ती. ग्रोस १७९१ मध्येच गेला, त्यामुळे तिच्यातली भर त्याच्या नावावर खपवू नये. स्कॉटलंड किंवा उत्तर इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतले शब्द हवे असतील तर जोसेफ राइटचा सहा खंडांचा बोलीकोश (१८९८ ते १९०५) पाहावा. तिथे थिसॉरस उणा पडतो, कारण त्याचा बहुतेक माल ऑक्सफर्ड कोशातून आलेला आहे.

वस्तूंवरून आलेल्या शब्दांच्या बाबतीतही हीच गत. ‘स्कटलबट’ म्हणजे जहाजावरचं, भोक पाडलेलं पिण्याच्या पाण्याचं पिंप. खलाशी तिथे जमत आणि अफवा पिकत. ‘फर्फी’ ऑस्ट्रेलियाची: पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या छावणीत पाणी आणणाऱ्या टाकीगाड्यांवर व्हिक्टोरियातल्या फर्फी कारखान्याचं नाव ठळक लिहिलेलं असे, गाडीभोवती पसरलेल्या बातमीला तेच नाव पडलं. दोन समुद्रांपलीकडच्या दोन शब्दांमागे एकच पाणवठा! थिसॉरसमध्ये मिळतात फक्त दोघांची वर्षं.

खरेदीचं म्हणाल तर छापील संच जवळजवळ ४००० पानांचा आहे, तो मांडीवर घेऊन वाचायचा नाही. चाळताना अचानक शब्द सापडण्याची मजा मात्र कागदावरच. ज्यांना नेमकं काही शोधायचं आहे त्यांना ग्लासगो विद्यापीठाचं मोफत संकेतस्थळ पुरे. ऑक्सफर्ड कोशाच्या वर्गणीदारांना थिसॉरस कोशाच्या नोंदींशी जोडलेलाच मिळतो, आणि वाक्यं तिथेच असल्यामुळे कामाला तोच उत्तम. वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर घरी पैसे घालवू नयेत. छापील प्रतीतल्या तारखा जुन्या ऑक्सफर्ड आवृत्तीवर आधारलेल्या आहेत, आणि तो कोश २००० पासून नव्याने तपासला जातोय, अधिक जुने दाखले सापडत आहेत. तेव्हा समासात दुरुस्त्या करायच्या तर पेन्सिलनेच कराव्यात.