घरच्या गाडीसाठी पाने-गोट्या: दहा महिने वापरल्यावर

गाडी 2014 ची पेट्रोल स्विफ्ट. राहायला डोंबिवलीत, काम करायला सोसायटीच्या इमारतीखालची पार्किंगची जागा आणि रविवारची सकाळ. मागच्या दिवाळीत गोट्यांचा, म्हणजे नट-बोल्टवर चढवायच्या सॉकेटचा, पहिला संच घेतला. तेव्हापासून ऑइल आणि फिल्टर दोनदा बदलले, एअर फिल्टर, चारही स्पार्क प्लग, बॅटरी आणि पुढचे ब्रेक पॅड बदलून झाले, चाकं तर कितीदा काढली त्याला हिशेब नाही. संच घेताना मी किती नगांचा आहे एवढंच बघत होते. ते बघायला नको होतं. आपल्या गाडीवर कोणत्या नंबरचे, म्हणजे किती मिलिमीटर रुंद डोक्याचे, नट-बोल्ट आहेत हे आधी बघायचं, मग दुकानात जायचं. मी ते उलट्या क्रमाने शिकले आणि त्यात जवळपास हजार रुपये आणि डाव्या हाताची बोटं सोलून गेली.

पहिली खरेदी म्हणजे ऑनलाइन सगळीकडे दिसतो तो 46 नगांचा छोटा डबा. सातशेच्या आसपास पडला. त्यात पाव इंची रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारा, गोटी बसवायचा दांडा; पाव इंच हे त्याच्या चौकोनी टोकाचं माप), 4 पासून 14 नंबरपर्यंत तेरा गोट्या, दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, बाकी सगळे स्क्रू ड्रायव्हरचे बिट. डबा उघडला की भरलेला दिसतो, समाधान वाटतं. दहा महिन्यांत त्यातल्या चारच गोट्या हातात आल्या: 8, 10, 12 आणि 14. साडेपाच, 9, 11, 13 या अजून दुकानातून आल्या तशाच चकचकीत आहेत.

याचं कारण मला नंतर कळलं. मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा यांच्या गाड्या जपानी मानकाच्या. त्यात 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं बहुतेक 12 चं असतं, 10 मिलिमीटरच्या बोल्टचं 14 चं. युरोपीय पद्धतीत त्याच 8 मिलिमीटरच्या बोल्टला 13 चं डोकं येतं. म्हणून फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांना 13 शिवाय पान हलत नाही, शिवाय चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिटही लागतात. माझ्या गाडीवर 13 ला कामच नाही. स्विफ्टचं जवळजवळ सगळं 10, 12, 14, 17 मध्ये बसतं. चाकाला 19 आणि प्लगला 16 ची खोल गोटी, तीही आत रबर किंवा चुंबक असलेली, म्हणजे प्लग वर येताना सुटून पडत नाही.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, उभा जन्म फिटर म्हणून काढला. त्यांनी मला पहिल्यांदा जे सांगितलं ते मी खरेदीआधी विचारायला हवं होतं. "वही घे, टॉर्च घे, बॉनेट उघड आणि दिसेल त्या बोल्टचा नंबर लिहून काढ." अर्ध्या तासाचं काम. त्या पानावर 10 नंबर इतक्यांदा आला की शेवटी नुसत्या रेघा मारल्या.

आता त्या छोट्या डब्याची खरी अडचण. त्यात 14 ची गोटी दिलेली आहे, म्हणून 14 चा बोल्ट तिने सुटेल असं नाही. पाव इंची रॅचेटचे दात बारीक असतात, दांडा वीतभर. ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, बोल्ट सोडवताना मी त्यावर दोन्ही हातांनी ओढलं, आतून कटकन आवाज आला आणि दांडा मोकळा फिरायला लागला. हात जाऊन डिस्कच्या कडेवर आपटला. रॅचेटचा खटका गेला होता. कंपनीला दोष देणार नाही, कारण तो दांडा त्या कामाचा नव्हताच. प्लगवरच्या कॉइलचे 10 चे बोल्ट, एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचे टर्मिनल, डॅशबोर्डच्या आतलं काही, यासाठी तो डबा आजही उत्तम चालतो. नवं पाव इंची रॅचेट सुटं मिळतं, तेवढं बसवलं. पण चाकं, ब्रेक, सस्पेन्शन आणि इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट यांना अर्धा इंचीच हवं.

दुसरी खरेदी नीट केली. एका शनिवारी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले, वही बरोबर घेऊन. तिथे संच घ्या म्हणून कोणी मागे लागत नाही. नंबर सांगितले की सुट्या गोट्या समोर मांडतात, हातात घेऊन बघता येतं. मी अर्धा इंची रॅचेट, दोन एक्स्टेन्शन, 10, 12, 14, 17, 19 च्या गोट्या, आणि 8 ते 19 चे कॉम्बिनेशन पाने घेतले, म्हणजे एका टोकाला उघडे, दुसऱ्या टोकाला रिंग. बहुतेक तपारियाचे. नाशिकच्या सातपूरला त्यांचा कारखाना आहे, माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे घरात लहानपणापासून तपारियाची पक्कड बघितलेली. ती पक्कड वडिलांकडे अजून चालू आहे. आतापर्यंत यांतल्या एकाही पान्याचा जबडा फाकला नाही, क्रोमही उडालं नाही. पावसाळ्यात दोन महिने उघड्या पिशवीत होते तरी फक्त रॅचेटच्या सांध्यावर पुसट गंज आला, तेलाच्या फडक्याने गेला.

गोट्या घेताना एक गोष्ट मागून घ्या: सहाकोनी. बारा कोनांच्या गोट्या अडचणीच्या जागी चटकन बसतात हे खरं, पण त्यांचा भार कोपऱ्यांवर येतो. गंजलेल्या बोल्टला तेच नको असतं. हे मी बॅटरीच्या क्लॅम्पवर शिकले. कोकणातून आल्यावर त्या 10 च्या नटवर पांढरा-हिरवा थर बसला होता. घरात पडलेला फुटपाथवरचा जुना फिक्स, म्हणजे उघड्या तोंडाचा, पाना लावला; त्याची पकड तर याहून कमी. पहिल्या झटक्याला पाना किंचित सरकला, दुसऱ्याला नटाचे दोन कोपरे साफ गेले. बोट घातलं तर कडेऐवजी गुळगुळीत गोलाई हाताला लागली. तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही, काकांना बोलावलं. त्यांनी आधी निगेटिव्ह टर्मिनल काढायला लावलं, गरम पाणी ओतून थर धुतला, मग सहाकोनी 10 ची गोटी त्या नटावर ठेवून हातोडीने हलकेच दोनदा ठोकली. गोटी नटावर चावली. मग म्हणाले, "आता दांडा लांब धर, आणि जोर लावू नकोस गं, वजन टाक." नट किरकिर करत सुटला. नवा नट काही रुपयांत मिळाला. तो फुटपाथवरचा पाना मी त्याच दिवशी भंगारात दिला.

वजन टाकण्याचं गणित नीट समजलं ते टॉर्क पान्यामुळे, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा लावता येणाऱ्या पान्यामुळे. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये चाकाच्या नटांना 85 न्यूटन-मीटर दिलं आहे. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण साडेआठ किलोचा भार. दांडा अर्धा मीटरचा असेल तर सतरा किलो. एवढंच. त्यापुढे पायाने उड्या मारून आवळायची काहीच गरज नसते, उलट आटे ताणले जातात. मागच्या मे महिन्यात महामार्गावर पंक्चर झालं तेव्हा गाडीसोबतच्या छोट्या व्हील पान्याने एकही नट हलेना. आधीच्या वेळी एका दुकानात हवेच्या गनने ते ठोकून आवळले होते, मी बघतच होते आणि काही बोलले नव्हते. रात्री साडेनऊला, मागे दोन मुलं बसलेली, आणि चार नटांपैकी एकही सुटत नाही. शेवटी एका टेम्पोवाल्या दादांनी त्यांचा लांब पाइप लावून ते सोडवले. त्या दादांचे आभार मानावे तेवढे थोडे.

घरी येऊन पहिलं काम, 28 ते 210 न्यूटन-मीटरचा अर्धा इंची टॉर्क पाना मागवला. सुमारे अडीच हजार. माझ्या मते या सगळ्या यादीत गाडी चालवणाऱ्या माणसाच्या खरा उपयोगी पडणारा पाना हाच. आता पंक्चर कोणीही काढो, घरी आले की चारही नट सैल करून समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळते, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासते. ठरवलेला आकडा आला की हातात टक्कन कळतं, तिथे थांबायचं. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहते. आणि त्याने कधी नट सोडवायचा नाही, त्यासाठी लांब दांडा वेगळा ठेवलाय. एक मर्यादा सांगते: हा मोठा पाना इंजिनावरच्या 10 च्या बोल्टला वापरायचा नाही. त्यांना लागणारा टॉर्क या पान्याच्या मोजणीच्या खालीच येतो, टक् व्हायच्या आत ॲल्युमिनियममधले आटे निघून हातात येतील. प्लगला मी कोनाने आवळते: आधी हातानेच बसेपर्यंत, मग नव्या प्लगला अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. प्लगच्या खोक्यावर तसं चित्र असतंच.

ऑइल फिल्टरला तर पाना लागतच नाही. रबराला नव्या तेलाचं बोट फिरवायचं, टेकेपर्यंत फिरवायचं आणि मग हातानेच पाऊण फेरा. काढायला मात्र पट्ट्याचा पाना घ्या.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. पैसे कमी असतील तर रॅचेट स्वस्तातलं घ्या, पाने उसने आणा, पण घोड्या घ्या. जॅक स्टँडला आमच्याकडे गॅरेजवाले घोडी म्हणतात. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही. दोन टनी ट्रॉली जॅक आणि तीन टनी घोड्यांची जोडी मिळून मला साडेचार हजारांपर्यंत पडली. पाने आणि गोट्या धरून सगळ्या खर्चात हा सर्वात मोठा हिस्सा, आणि एकही रुपया जड वाटला नाही. आमच्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत. पहिल्या दिवशी घोडीचा एक पाय ब्लॉकच्या फटीत किंचित रुतला, गाडी दोन बोटं तिरपी झाली. मी तेव्हा बाजूलाच उभी होते, खाली नव्हते. तेव्हापासून प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवुडचा चौकोन, जमिनीवरच्या चाकांच्या पुढेमागे लाकडी गुटके, आणि काढलेलं चाक आडवं करून दाराच्या खाली सरकवून ठेवते. खाली जाण्याआधी गाडीला हाताने दोन धक्के देऊन बघते.

यापुढे घ्यायचं ते थोडंच आहे. छोटा टॉर्क पाना, 5 ते 25 च्या टप्प्यातला. चुंबकाचा वाडगा, कारण इंजिनाच्या खोलगटात पडलेली गोटी शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला. कपाळावर बांधायचा दिवा आहे, तो पुरतो.

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा त्याची ह्युंदाई आय20 घेऊन आला, स्टेपनी टाकायची होती. मी मोठ्या विश्वासाने माझी 19 ची गोटी काढली, ती त्याच्या नटावर चढलीच नाही. त्याच्या चाकाला 21 लागते. काकांच्या पेटीतून 21 आणली आणि काम झालं. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला आणि आम्ही बॉनेट उघडून त्याच्या गाडीचे नंबर लिहायला बसलो.