ऑनलाइन मागवलेला मोंटेसरी संच गोव्याच्या पावसात: काय घ्यावं, काय मेस्ताकडून (सुताराकडून) करून घ्यावं

संच हातात आला की गुलाबी मनोऱ्याचा सगळ्यात मोठा ठोकळा आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावा. दहा सेंटिमीटरचा भरीव बीच लाकडाचा ठोकळा साधारण ७०० ग्रॅम भरतो. हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या बारा वस्तूंच्या स्वस्त संचात तो निम्म्यालाही पोचत नाही, कारण आतून पोकळ असतो. मनोऱ्यात एक ते दहा सेंटिमीटरचे दहा ठोकळे, सगळे एकाच रंगाचे. फरक फक्त आकाराचा, आणि तो डोळ्याइतकाच हाताला कळायला हवा. लहान ठोकळा दोन बोटांत मावतो, मोठ्याला दोन्ही हात लागतात. घनफळात, म्हणून वजनातही, दोघांमध्ये हजारपट फरक आहे. पोकळ ठोकळ्यात वजनाचा फरक तेवढा उरत नाही, वर जुलैत कोपऱ्यांचे सांधे उकलतात ते वेगळंच.

दट्ट्यांचे चार ठोकळे ही या संचातली सगळ्यात चांगली वस्तू आणि गोव्यात सगळ्यात आधी रुसणारीही तीच. प्रत्येक ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्टे. चुकीचा दट्टा एक तर आत जात नाही, नाहीतर सैल बसतो आणि शेवटी एक उरतो. चूक दाखवायला बाई लागत नाहीत, लाकूडच दाखवतं. वरची गुंडी तीन बोटांनी धरायची असते. पेन्सिलीची पकड इथेच बसते. जून लागला की जाडे दट्टे अडकू लागतात. कारण साधं आहे: लाकूड ओल धरून फुगतं ते रेषांच्या आडवं, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. दट्टा उभ्या रेषांचा, म्हणून चहूबाजूंनी जाड होतो. ठोकळ्याच्या रेषा लांबीत धावतात, त्यामुळे भोक आडवं रुंदावतं पण लांबीच्या दिशेला तेवढंच राहतं, आणि दट्टा तिथेच चिकटतो. जेवढा जाड, तेवढा लवकर. पुष्कळजण जुलैत पॉलिश पेपर घेऊन दट्टे घासतात. हे करू नये. डिसेंबरात तेच दट्टे खुळखुळतात आणि चूक पकडायची सोयच जाते. खरा दोष भोकांच्या आत आणि ठोकळ्याच्या बुडाला पॉलिश नसल्याचा; ओल तिथून शिरते. मार्च-एप्रिलात, लाकूड कोरडं असताना, त्या जागांवर पॉलिशचे दोन पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत आणि पुड्या मधूनमधून वाळवाव्यात. चवथीपर्यंत तग धरतात.

आवाजाच्या डब्या सहा लाल, सहा निळ्या, जोड्या लावायच्या. भरणाऱ्याने कुठल्यातरी कोरड्या गावात बसून मीठ आणि तांदूळ भरले असावेत. आपल्याकडे मिठाचा गोळा होतो आणि डबी मुकी होते. तांदळात पोरकिडे होतात. बारीक खडी, काचमणी, भाजून वाळवलेली रेती भरून झाकणं चिकटवून टाकावीत.

बोटाने गिरवायच्या, पॉलिश पेपरच्या खरखरीत अक्षरांवर मात्र पैसे घालवू नयेत. संच हिंदी वळणाचा आहे: ल आणि श उत्तरेकडचे, आणि ळ नाहीच. ज्या घरात दिवसभर नारळ, केळं, फळ चालतं, तिथल्या मुलाला ळ शिवाय अक्षरं देणं म्हणजे मीठ नसलेली हुमण (माशाची आमटी). शिवाय कागदी पाठीच्या पॉलिश पेपरला ऑगस्टात बुरशी येते आणि पांढरा गोंद सुटतो. घरी करायची तर कापडी पाठीचा, १२० ते १५० नंबरचा पेपर घ्यावा. ८० नंबरचा बोटं सोलतो. रेती चिकटवायची असेल तर समुद्राची नको. तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि अक्षर ओलसर राहतं. नदीची बारीक रेती चाळून, धुऊन, वाळवून वापरावी. गिरवायचं तर्जनी आणि मधल्या बोटाने, लिहिण्याच्या दिशेने, शिरोरेषा शेवटी. ग, म, भ, न या क्रमाने सुरुवात केली तर वळण सोपं जातं. एका वेळी दोन-तीनच अक्षरं: आधी ‘हा म’, मग ‘म कुठला?’, आणि बिनचूक दाखवला तरच ‘हा कोणता?’ तिसऱ्या प्रश्नाची घाई बहुतेक पालक करतात आणि मूल गप्प बसतं.

रंगांच्या जोड्या लावायच्या रंगपट्ट्या ठीक. गुंड्या लावायला शिकवायची चौकट तर जुन्या सदऱ्याची होते.

संच पुरा असला म्हणजे शिक्षण पुरं, असं जाहिरात सांगते. मोंटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह काढलं तेव्हा भर मोजून-मापून केलेल्या साहित्यावर होता, हे खरं. पण जमैकात १९८६-८७ साली किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर जे काम झालं, त्यात निम्म्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन. आईला खेळायला आणि बोलायला शिकवायची, खेळणी घरात ठेवायची, पुढच्या वेळी बदलायची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून, पुढे कोसबाडला, शिंपले, बिया, खडे यांवर बालवाडी चालवली. महागडा संच त्यांना परवडणाराच नव्हता.

आपल्याकडे माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या, दिवसांत तर हे साहित्य अंगणात येऊन पडतं: सुपारी, आंबाडा, तोरिंजन, चिबूड, नारळ. लहान-मोठं लावा, वास घ्या, डोळे बांधून ओळखा. मोजायला चिंचोके चालतात, पण चार वर्षांवरच्यांना. कच्च्या काजूबिया नकोत. सालातलं तेल कातडी भाजतं आणि मुलं वस्तू तोंडात घालतातच.

तेव्हा दट्टे आणि रंगपट्ट्या विकत घ्याव्यात, तेही आयएसआय खूण बघून. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे. मनोरा गावच्या मेस्ताकडून मुरलेल्या फणसाचा किंवा सागाचा करून घ्यावा. सगळे मिळून ३०२५ घनसेंटिमीटर लाकूड लागतं, कापण्यात जाईल ते वेगळं. कडा किंचित मोडायला सांगा, गोल नको. एक सेंटिमीटरचा ठोकळा सगळ्यात आधी हरवतो, म्हणून चार जादा कापून घ्यावेत, आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर पाचही कुलपात.