नव्या उपनगरात बिऱ्हाड हलवून दहा महिने: दोन लहान मुलांसह आलेला अनुभव

दहा महिन्यांपूर्वी आम्ही शहराच्या मध्यवस्तीतलं घर सोडून नव्याने वसणाऱ्या उपनगरात राहायला आलो. तेव्हा थोरली पाच वर्षांची होती आणि धाकट्याला नुकतीच दोन पूर्ण झाली होती. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले असते, तर निम्मं रागाच्या भरात लिहिलं असतं आणि निम्मं नव्या घराच्या आनंदात. आता दोन्ही निवळलंय. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत आणि जे सध्या जागा बघत फिरतायत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घराबद्दल आधी उरकते. जागा बघताना आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला आणि आज तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं. एक खोली जास्त मिळाली, उजेड भरपूर आहे, वारा खेळता आहे. मुलं मात्र अजून आमच्याच खोलीत झोपतात आणि त्यांच्या खोलीत सध्या फक्त खेळणी असतात. नव्या रंगाचा आणि प्लायवूडच्या कपाटांचा वास दीड महिना टिकला. अशा नव्या लाकूडकामातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतं, त्याने डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि लहान मुलांना त्याचा त्रास लवकर होतो. आम्ही दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवायचो. जमत असेल तर रंगकाम आणि कपाटं राहायला जाण्याच्या काही आठवडे आधीच पुरी करून घ्या. गॅलरीच्या गजांमधली फट मोजायला टेप घेऊन जा. ती १० सेंटीमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान मुलाचं अंग त्यातून पलीकडे जाऊ शकतं. उंच कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की करा, आणि हे काम सामान लावून झाल्यावर करू म्हणून मागे ठेवू नका. आमच्याकडे धाकटा तिसऱ्या दिवशीच उघड्या खणावर पाय देऊन उभा होता.

आता मुख्य मुद्दा, अंतराचा.

जागा दाखवणाऱ्याने सांगितलं होतं की शाळा सातशे मीटरवर आहे. नकाशावर बोट ठेवून सरळ रेघ मारली तर ते खरंच होतं. पण रस्त्याने ते अंतर अकराशे मीटर भरतं, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच गल्ल्या पुढे बंद आहेत. शाळेची इमारत गॅलरीतून दिसते, पण तिथे जायला आधी उलट्या दिशेने मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागतं आणि मग वळसा घालून परत यावं लागतं. मला हे अंतर चालायला चौदा मिनिटं लागतात. पाच वर्षांच्या मुलीला, पाठीवर दप्तर घेऊन, सव्वीस. बाबागाडी बरोबर असेल आणि फुटपाथ मध्येच तुटला असेल तर अर्धा तास धरायचा.

बंद गल्लीची मूळ कल्पना वाईट नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रॅडबर्न या वसाहतीत १९२९ साली क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी ती मुद्दाम मुलांचा विचार करून मांडली होती. घरांच्या एका बाजूला गाड्यांसाठी बंद गल्ली, दुसऱ्या बाजूला बागेतून जाणारी पायवाट, आणि मोठा रस्ता आला तर पायवाट त्याच्या खालून. म्हणजे मुलाला गाड्यांचा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावं. त्याच वर्षी क्लॅरेन्स पेरी यांनी न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यात लिहून ठेवलं की वस्तीच्या मध्यभागी शाळा असावी, ती सगळ्या घरांपासून साधारण पाव मैलाच्या, म्हणजे चारशे मीटरच्या टप्प्यात असावी, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत, मधून नाही. हे मी इथे आल्यावर वाचलं आणि मग आमच्या वसाहतीचं काय बिनसलंय ते लख्ख दिसलं. इथे बंद गल्ल्या तेवढ्या घेतल्या आणि पायवाटा सोडून दिल्या. दोन गल्ल्यांच्या शेवटी एकाच कुंपणाची भिंत आहे. तिथे एक छोटं फाटक असतं तरी आमचा शाळेचा रस्ता बराच कमी झाला असता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: जागा पक्की करण्याआधी मुलाचा हात धरून घर ते शाळा, घर ते मैदान आणि घर ते डॉक्टर हे तीन रस्ते त्याच्या चालीने चालून बघा. घड्याळ लावून चाला. आम्ही ही जागा तीन वेळा बघितली आणि तिन्ही वेळा सुट्टीच्या दिवशी दुपारी, मुलांना आजीकडे ठेवून. रस्ते शांत होते, मैदान रिकामं होतं, आणि आम्हाला वाटलं, किती निवांत भाग आहे. मैदान रिकामं का आहे हा प्रश्नही मनात आला नाही. दुपारी तिथली घसरगुंडी इतकी तापते की हात लावता येत नाही, कारण भोवतालची झाडं अजून माझ्या खांद्याएवढीच आहेत. नव्या वसाहतीत सावली यायला काही वर्षं जावी लागतात. तोवर मुलांचा बाहेरचा वेळ सकाळचा आणि संध्याकाळचाच. तेव्हा कामाच्या दिवशी, शाळा भरते-सुटते त्या वेळेला आणि संध्याकाळी सहाला एकदा तरी जाऊन या.

रस्त्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे माझी काळजी अजून मिटलेली नाही. नव्या भागातले रस्ते रुंद आणि सरळ असतात. बघायला छान वाटतात, पण रुंद मोकळा रस्ता दिसला की गाडीवाल्याचा पाय आपोआप दाबला जातो. हिशेब साधा आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, ५० च्या वेगाने येणारीला सुमारे २८ मीटर लागतात. आणि दोन-अडीच वर्षांचं मूल उंचीला मीटरभरही नसतं. उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधून ते बाहेर आलं तर ते रस्त्यावर येईपर्यंत चालवणाऱ्याला दिसतच नाही. लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे 'बघून ओलांड' असं पाच वर्षांच्या मुलीला सांगून आपण सुटू शकत नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात गाड्यांना चालण्याच्या वेगाने जायला लावणाऱ्या गल्ल्या केल्या गेल्या, रस्त्यातच झाडं आणि वळणं ठेवून, आणि १९७६ साली तिथल्या कायद्याने त्यांना मान्यता दिली. तसं आमच्याकडे काही नाही. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून गतिरोधकासाठी अर्ज केला, त्याला सात महिने झाले. उत्तर आलेलं नाही. जागा बघताना गल्लीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या असत्या, तर हे आधीच कळलं असतं.

मुलांचं म्हणाल तर दोघांचं रुळणं अगदी वेगळं झालं.

धाकट्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मला अजून लागते. त्याचं एक जुनं मऊ दुपटं आहे. झोपताना त्याचं एक टोक तो नाकाशी धरतो आणि दुसरं मुठीत. घर बदलायचं म्हणून मी सगळे कपडे धुतले, त्यात ते दुपटंही. नव्या जागी पहिल्या रात्री मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने टोक नाकाशी नेलं, हुंगलं, दूर सारलं आणि 'हे नाही, माझं' म्हणून रडायला लागला. तेच आहे रे बाळा, म्हणून मी परत परत दाखवत होते. रात्री दीड वाजेपर्यंत तो झोपला नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी मुलांच्या अशाच लाडक्या वस्तूंबद्दल लिहिलंय. ती वस्तू मळली, तिला वास आला तरी आई ती तशीच राहू देते, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवातलं सातत्य तुटतं. मी नेमकी त्याच आठवड्यात ती धुतली, जेव्हा भिंती, खिडकी, पलंगाची जागा, जिन्यातले आवाज सगळंच बदललं होतं. दुपट्याला जुना वास परत यायला दोन आठवडे लागले. तोवर मी माझी वापरलेली ओढणी त्याच्या उशाला ठेवायचे.

खोक्यांचंही तसंच. बांधाबांधीच्या वेळी तो प्रत्येक खोक्यात डोकावून बघायचा आणि आपली खेळणी आत जाताना दिसली की बाहेर काढायचा. मला ती आडकाठी वाटली आणि मी त्याला पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं. वस्तू खोक्यात गेली की ती परत मिळते, हे त्याला कुठे माहीत होतं? परतून करायचं झालं तर त्याचं खोकं मी त्याच्याच हाताने भरून घेईन, ते ट्रकमध्ये न ठेवता आपल्याबरोबर नेईन आणि नव्या घरात सगळ्यात आधी तेच उघडीन.

थोरली वरवर शहाण्यासारखी वागली. सामान उचलायला मदत केली, नवी खोली सगळ्यांना दाखवली. पण तीन वर्षांची असताना सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आणि तीन आठवडे चाललं. मोठ्या बदलानंतर मुलं अशी काही काळ मागे जातात आणि त्यात त्यांचा हट्टीपणा नसतो, हे डॉक्टरांनी समजावलं म्हणून आम्ही एका शब्दानेही बोललो नाही, गपचूप चादर बदलली. शाळेत ती पहिला महिनाभर कुणाशी बोलली नाही. बाईंनी विचारलं तर मान हलवायची. घरी आल्यावर मात्र जुन्या मैत्रिणींची नावं घेऊन एकटीच खेळायची. ते बघवत नव्हतं.

तिला फरक पडला तो एका अगदी साध्या गोष्टीने. आम्ही रोज संध्याकाळी ठीक साडेपाचला मैदानात जायला लागलो. कधीतरी नाही, रोज, पाऊस नसेल तर. पहिले दहा-बारा दिवस ती माझ्या बाकाशीच उभी असायची. पण त्याच वेळेला येणाऱ्या दोन मुली होत्या, त्याही नव्याने राहायला आलेल्या. ओळख करून द्यायला मी गेले नाही. एक दिवस त्यातल्या एकीची चप्पल वाळूत हरवली आणि तिघी मिळून ती शोधायला लागल्या. घरी येताना ती दोघींची नावं सांगत होती. वेळ एक, जागा एक आणि चेहरे तेच असले की मुलांचं आपसूक जमतं. महिन्यातून चार वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन जे झालं नसतं ते तेवढ्याने झालं. शिवाय मोकळ्यावर धावणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. जुन्या घरात हे जमवताना दमछाक व्हायची. इथे संध्याकाळच्या दीड तासातच निम्मं होतं. या एका बाबतीत उपनगराला मी पूर्ण गुण देईन.

सगळ्यात जास्त किंमत मोजली ती नवऱ्याने. त्याचा प्रवास एका बाजूने पस्तीस मिनिटांचा होता, तो सत्तरवर गेला. सेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं कुठल्याही काळात दिवसाचा साधारण एक तास प्रवासात घालवतात. आमच्याकडे तो दोन तास वीस मिनिटं झाला, आणि जास्तीचा वेळ मुलांच्याच वाट्यातून गेला. धाकटा आठला झोपतो, बाबा सव्वाआठला येतो. दोन महिने तो फक्त झोपलेलं मूल बघत होता आणि एकदा धाकट्याने त्याला सुट्टीच्या दिवशी 'तू आज इथे का?' असं विचारलं. त्यानंतर आम्ही झोपेची वेळ पुढे ढकलायचा प्रयत्न केला, तो चारच दिवसांत सोडला. किरकिर इतकी वाढली की सकाळही हातची गेली. मग उलट केलं. बाबाने कामाची वेळ थोडी पुढे मागून घेतली आणि सकाळी शाळेत सोडायचं काम पूर्णपणे त्याच्याकडे गेलं. ती सव्वीस मिनिटं आता त्याची आणि लेकीची. कामाची वेळ बदलून मिळणार आहे का, हे जागा बघण्याआधी विचारून ठेवा.

डॉक्टर, दवाखाना आणि लसीकरणाची कागदपत्रं याबद्दल एकच सांगते. लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधं ट्रकमध्ये जाऊ देऊ नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा, आणि मूल आजारी पडण्याआधीच नव्या डॉक्टरांकडे एकदा सहज जाऊन या. आम्ही ताप चढल्यावर रात्री शोधाशोध केली.

परत जायचं का, असं नवरा मधे विचारायचा. हल्ली विचारत नाही. मला स्वतःला विचाराल तर मैदानासाठी आणि त्या दोन मुलींसाठी मी इथेच राहीन, पण आज नव्याने निवडायची वेळ आली तर याच वसाहतीत शाळेच्या बाजूची, लहान खोल्यांची जागा घेईन.

पुढच्या महिन्यात धाकटा त्याच शाळेच्या बालवाडीत जायला लागेल. गेल्या रविवारी आम्ही त्याला चालवत नेऊन बघितलं. बाबागाडी मुद्दाम घरी ठेवली. एकोणचाळीस मिनिटं लागली, त्यातली सहा भिंतीच्या कडेने चाललेल्या मुंग्यांपाशी गेली. तुटलेल्या फुटपाथपाशी त्याने स्वतःहून हात पुढे केला.