दारात येऊन नेलेले पैसे, ओटीपीने परत: सहारा रिफंड पोर्टलविषयी

पोर्टल चालते, हे आधीच सांगून टाकतो. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थांत अडकलेल्या ठेवी परत मिळवण्यासाठीचे, केंद्रीय सहकार निबंधकांच्या देखरेखीखालील हे सहारा रिफंड पोर्टल वापरायला शुल्क नाही, अर्ज भरायला वकील लागत नाही, आणि कागद नीट असतील तर पैसे खरोखर खात्यात येतात. प्रश्न आहे तो कागद नीट असण्याचा. एकतीस वर्षे सहकारी बँकेत ठेवींच्या खिडकीमागे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा अर्ज सोपा वाटला, याचा अर्थ तो सोपा आहे असा मुळीच होत नाही.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून पासबुक आणि पावत्यांची गड्डी काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा पावत्यांच्या कडा हळदीने पिवळ्या झालेल्या होत्या. पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या त्यांच्या वस्तीत रोज संध्याकाळी कलेक्शनवाला येत असे आणि वीस रुपये घेऊन पासबुकावर सही करत असे. त्याला एजंट म्हणायचे नाही, तो ‘कार्यकर्ता’. नमस्कार करायचा नाही, उजवा हात छातीवर ठेवून ‘सहारा प्रणाम’ म्हणायचे. बँकेत असताना आम्ही रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांच्या या दारोदार फिरण्याचा हेवा करत असू, कारण ज्या माणसाला बँकेची काचेची दारे परकी वाटतात, त्याच्याकडची बचत उंबरठ्यावर जाऊनच गोळा करता येते. सहाराचे सगळे साम्राज्य याच एका गोष्टीवर उभे राहिले.

सहाराचे संस्थापक सुब्रत रॉय यांनी १९७८ मध्ये गोरखपूरला छोट्या ठेवी गोळा करण्यास सुरुवात केली आणि पुढच्या तीन दशकांत या रोजच्या रुपया-दोन रुपयांच्या प्रवाहावर विमान कंपनी, वृत्तपत्र, दूरचित्रवाणी वाहिन्या, गृहबांधणी आणि परदेशातील हॉटेले उभी राहिली. समूहाला कंपनी न म्हणता ‘परिवार’ म्हणत आणि रॉय स्वतःला मालक न म्हणवता मॅनेजिंग वर्कर म्हणवून घेत; प्रत्यक्षात पत्नी, भाऊ, मेहुणे आणि मोजके जुने सहकारी यांच्याबाहेर निर्णय फारसे जात नसत. ‘परिवार’ हा शब्द ठेवीदाराला आपुलकीचा वाटतो. हिशेब तपासणाऱ्याने मात्र तो ऐकताच चष्मा लावावा, असे माझे जुने मत आहे.

पुणेकरांना या थाटामाटाची ओळख वेगळी करून द्यायला नको. भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर बारा वर्षे तेच नाव होते. २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर्सची बोली लावून समूहाने पुण्याचा आयपीएल संघ घेतला, तेव्हा त्या स्पर्धेच्या इतिहासातील ती सर्वांत महागडी बोली होती. पुणे वॉरियर्स तीन हंगाम खेळला आणि तिन्ही वेळा गुणतक्त्याच्या तळाच्या दोन जागांपैकी एकीवर राहिला. २०१२ मध्ये सौरव गांगुली कर्णधार होता, तरी उपयोग झाला नाही. १ एप्रिल २०१२ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या मैदानाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या दर्शनी भागावर सुब्रत रॉय यांचेच नाव होते. नावाच्या हक्कांची ठरलेली रक्कम पूर्ण मिळाली नाही म्हणून संघटनेने पुढे ते नाव आधी झाकले आणि मग उतरवले. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१३ मध्ये, क्रिकेट नियामक मंडळाने संघाचाही करार रद्द केला. मुंबईला जाता-येता ते मैदान आजही दिसते, पण त्यावर कोणाचे नाव होते हे आता सोबतच्या तरुण मुलांना सांगावे लागते.

याहून मोठी खूण मुळशी तालुक्यात डोंगरावर आहे. सुमारे दहा हजार एकरांच्या आसपास पसरलेली अ‍ॅम्बी व्हॅली ही पुणे जिल्ह्यातली. तलाव, धावपट्टी आणि लाकडी बंगले असलेली खासगी नगरी म्हणून तिची जाहिरात होत असे. वस्तीतल्या वीस रुपयांचा आणि त्या धावपट्टीचा काही संबंध असू शकतो, ही गोष्ट मावशींना सांगितली तेव्हा त्यांनी पोळी तव्यावर टाकली आणि विचारले, “तिथं राहतं कोण?” या प्रश्नाचे धड उत्तर मला देता आले नाही.

पडझड एका दिवसात झाली नाही. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने समूहाच्या वित्तकंपनीला जून २०११ नंतर मुदत संपणाऱ्या ठेवी घेण्यास मनाई केली, म्हणजे मूळ झरा तिथेच आटू लागला. २००८ ते २०११ या काळात समूहाच्या दोन अन्य कंपन्यांनी ऐच्छिक परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या, म्हणजे हवे तर पुढे समभागांत बदलता येतील अशा रोख्यांच्या, नावाखाली कोट्यवधी लोकांकडून पैसे घेतले. त्या वेळच्या कंपनी कायद्यानुसार पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांकडून पैसे मागितले की तो सार्वजनिक प्रस्ताव ठरे आणि त्याला सेबीचे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामकाचे, नियम लागू होत. समूहाचे म्हणणे असे की, हा सारा आपल्या परिवारापुरता खासगी व्यवहार आहे. परिवार केवढा, तर समूहाच्याच आकड्यांप्रमाणे सुमारे तीन कोटी जणांचा! २०१० मध्ये सेबीने यावर बोट ठेवले आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४ हजार कोटींहून अधिक रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. त्यावर समूहाने बहुतेक गुंतवणूकदारांचे पैसे आपण परस्पर फेडले आहेत असे सांगितले आणि पुरावा म्हणून १२७ ट्रक भरून ३१,६६९ खोकी कागदपत्रे सेबीच्या दारी पाठवली. बँकेत लेखापरीक्षणाच्या वेळी काही शाखा फायलींचे ढीग पुढ्यात ओतत, त्याचीच ही थोरली आवृत्ती. फायली जितक्या जास्त, तितकी हवी ती फाईल सापडण्याची शक्यता कमी, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा जाणत होता.

पुढचा भाग वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेला आहे: फेब्रुवारी २०१४ मध्ये रॉय यांना अटक, मार्चपासून तिहार, सुटकेसाठी दहा हजार कोटींची अट, मे २०१६ मध्ये आईच्या निधनानंतर पॅरोल. २०१७ मध्ये अ‍ॅम्बी व्हॅलीचा लिलाव पुकारला गेला, राखीव किंमत ३७,३९२ कोटी ठरली आणि घेणारा कोणी आला नाही. १४ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत रॉय यांचे निधन झाले.

मात्र ज्यावर फारसे बोलले जात नाही ते असे. सेबीच्या परतावा खात्यात व्याजासकट २५ हजार कोटींच्या पुढे रक्कम साठली असताना, कर्जरोखेधारकांना त्यातून काही वर्षांत मिळून परत गेले ते सुमारे १३८ कोटी, तेही १७,५२६ अर्जांवर. पैसे पडून, मागणारे सापडत नाहीत, आणि दुसरीकडे समूहाच्या चार सहकारी संस्थांचे ठेवीदार वणवण करत आहेत, अशी ही विचित्र स्थिती होती. त्यात सहारा क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटीतून २,२५३ कोटी काढून ते याच परतावा खात्यात भरले गेल्याचे न्यायालयासमोर आले. म्हणजे जुन्या देण्यासाठी नव्या ठेवीदारांचे पैसे. २९ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या खात्यातील पाच हजार कोटी या चार संस्थांच्या ठेवीदारांसाठी वळवण्यास परवानगी दिली, न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांची देखरेख नेमली आणि १८ जुलै २०२३ रोजी हे पोर्टल सुरू झाले.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. अर्ज सहारा क्रेडिट, सहारायन युनिव्हर्सल, हमारा इंडिया आणि स्टार्स मल्टीपर्पज या चार संस्थांच्या ठेवीदारांनाच करता येतो. कर्जरोखेवाल्यांचा मार्ग सेबीकडून जातो, आणि मी पाहिलेल्यांपैकी निम्मे लोक या दोहोंत गल्लत करतात. पहिल्या पानावर आधारचे शेवटचे चार अंक आणि आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक द्यायचा, ओटीपी येतो, मग पूर्ण आधार क्रमांक टाकून संमती दिली की नाव, जन्मतारीख वगैरे तपशील आपोआप उमटतात. इथेच पहिली फेरी झाली. मावशींच्या आधारला जोडलेला क्रमांक मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा होता. तो बदलून घेतला, तर बँक खाते आधारला जोडलेले नसल्याचे कळले. त्यासाठी एका बँकेच्या शाखेत तीन हेलपाटे झाले, कारण एकदा यंत्रावर अंगठा उमटेना, एकदा संबंधित बाई रजेवर आणि एकदा जेवणाची सुट्टी. पीठ मळून मळून हातावरच्या रेषा पुसट झालेल्या बाईला ‘थंब मॅच होत नाही’ असे काउंटरमागून ओरडून सांगणे मला फार लागले.

अर्जात संस्थेचे नाव, सभासद क्रमांक, खाते क्रमांक, पावती किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक, खाते उघडल्याची तारीख आणि रक्कम हे सगळे भरावे लागते. इथे एक मोलाची सूचना: चारही संस्थांमधील आपले सगळे दावे एकाच अर्जात घालावे लागतात, मागाहून आठवलेली पावती जोडता येत नाही, तेव्हा संगणकासमोर बसण्यापूर्वी घरातले डबे, गाद्या आणि देव्हाऱ्यामागची जागा धुंडाळून घ्यावी. मावशींची एक पावती खरोखरच दत्ताच्या तसबिरीमागे निघाली. दाव्याची रक्कम पन्नास हजार किंवा त्याहून अधिक असेल तर पॅन लागते, त्यांची अठरा हजारांच्या आत असल्याने तो प्रश्न आला नाही. भरलेला अर्ज छापून घ्यायचा, त्यावर फोटो चिकटवून फोटोवरून सही जाईल अशी सही करायची, पुन्हा स्कॅन करून चढवायचा. या छापण्या-चिकटवण्याच्या पायरीमुळेच गल्लोगल्ली अर्ज भरून देणारी दुकाने निघाली आहेत. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मावशींकडे आधी पाचशे रुपये आणि ‘काम झाल्यावर टक्का’ मागितला होता. पोर्टल फुकट आहे, हे त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवे.

पैशांच्या बाबतीत सुरुवातीची मर्यादा अगदीच कंजूष होती. पहिल्या टप्प्यात, ऑगस्ट २०२३ मध्ये, ११२ ठेवीदारांना प्रत्येकी दहा हजार रुपये मिळाले. दावा कितीही असला तरी तेवढेच. सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादा पन्नास हजारांवर नेली गेली, तोवर सुमारे ४ लाख २९ हजार ठेवीदारांना मिळून ३७० कोटी मिळाले होते. पाच हजार कोटी हाताशी असताना चौदा महिन्यांत एवढाच प्रवाह, हा वेग मला पटत नाही. लहान ठेवीदार आधी, हे तत्त्व योग्य. पण दहा हजारांची रेघ ओढताना आयुष्यभराची पुंजी लाखभर असलेला ठेवीदारही लहानच असतो, हे कोणाच्या लक्षात आले नसावे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी पाच हजार कोटी देण्यास परवानगी दिली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली, हे चांगले झाले. त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, सक्तवसुली संचालनालयाने अ‍ॅम्बी व्हॅलीतील ७०७ एकर जमीन जप्त केली. तिची किंमत १,४६० कोटी सांगितली गेली. डोंगरावरचा पैसा खाली यायला अजून किती दिवस लागतील ते लागोत.

आधारच्या सक्तीविषयी मी सुरुवातीला कुरकुरत होतो, पण दोन अर्ज भरल्यावर मत थोडे बदलले. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जात असल्यामुळे मधला कार्यकर्ता, दुकानदार किंवा घरातला पुतण्या यांना हात घालायला जागा राहत नाही. अर्जाच्या छाननीला पंचेचाळीस दिवस दिलेले आहेत, त्रुटी निघाली तर दुरुस्त अर्जासाठी वेगळे पान आहे, आणि पोचक्रमांक जपून ठेवला की पुढची चौकशी सोपी जाते. मावशींच्या अर्जाचा निकाल मुदतीत लागला. संदेश इंग्रजीत आला, म्हणून त्यांनी तो तीन घरी वाचून घेतला आणि तिन्ही ठिकाणी आकडा तोच निघाल्यावर एटीएमवर जाऊन छापील पावती काढून आणली.

आता सासवडहून त्यांची जाऊ येत्या रविवारी येणार आहे. आधारला जोडलेला मोबाईल, पासबुक आणि मूळ पावत्या आणा, झेरॉक्स नको, असा निरोप दोनदा धाडला आहे. तसबिरींच्या मागे पाहायलाही सांगितले आहे.