शब्दकोश अ‍ॅप चांगलंय, पण 'बारमेड'ला बारबाला? (५ पैकी ३ स्टार)

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं हे अ‍ॅप दीडेक वर्ष वापरतेय, भाषांतराचं काम करते त्यामुळे दिवसभर उघडंच असतं. नेट नसलं तरी चालतं, शब्द पटकन सापडतो, उच्चार पण स्पष्ट ऐकू येतो. पण मागच्या आठवड्यात एका कथेत 'बारमेड', म्हणजे पबच्या काउंटरमागे दारू देणारी बाई, आली आणि अ‍ॅपने सरळ 'बारबाला' असा अर्थ दिला, पुढे एक अक्षर नाही.

आता मराठीत बारबाला म्हटलं की डान्सबारच डोळ्यासमोर येतो. माझ्या कथेतली बाई काउंटरमागे उभी राहून बिअरच्या नळाचा दांडा ओढतेय, फेस वर आला की थांबतेय, तो बसला की परत भरतेय, मधेच फडक्याने काउंटर पुसतेय, आणि कुणाला आता पुरे झाली हेही तीच ठणकावून सांगतेय. तिला बारबाला लिहिलं असतं तर अख्ख्या कथेची वाट लागली असती. वेट्रेस पण नाही ती, वेट्रेस टेबलावर नेऊन देते.

आणि शब्द कुठे चालतो, कुठे खटकतो हे नको का सांगायला? बारमेड हा ब्रिटिश पबमधला शब्द, अमेरिकेत बाई असो की पुरुष, सहसा बारटेंडरच म्हणतात. पूर्वी मेड म्हणजे तरुण मुलगी, पण आज ऐकताना मोलकरीणच वाटतं, म्हणून हे काम करणाऱ्या बऱ्याच जणींना तो शब्द आवडत नाही आणि मला त्यांचं शंभर टक्के पटतं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात शंभरेक वर्षांपूर्वी एडा कोलमन बार सांभाळायची, हँकी पँकी हे कॉकटेल तिनेच बनवलेलं. उलट अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९४५ च्या कायद्याने मोठ्या शहरांत बाईला बारटेंडरचं लायसन्स कधी, तर बारमालकाची बायको किंवा मुलगी असेल तरच! १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही तो कायदा उचलून धरला. बारटेंडर म्हणवून घ्यायलाच ज्यांना इतकं झगडावं लागलं त्यांच्यासाठी शब्द नीट निवडायला नको?

मी शेवटी 'बारमेड'च ठेवलं कारण कथा जुन्या काळातल्या इंग्लंडची आहे, आजची असती तर बारटेंडर लिहिलं असतं. दुरुस्ती सुचवायच्या बटणावरून हे सगळं कळवलंय, आज सकाळी बघितलं तेव्हा अजून बारबालाच होतं. बदललं की उरलेले दोन स्टार लगेच देते.